लोकप्रिय संगीतात सरस कोण, ब्रिटिश की अमेरिकन?

समेवर (प्रश्न)

नमस्कार.

आम्ही सात-आठ मित्र गेली काही वर्षे महिन्यातून एकदा एकत्र बसून ध्वनिमुद्रिका ऐकतो. पुढच्या वर्षाच्या बाराही बैठका विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील इंग्रजी लोकप्रिय संगीतासाठी ठेवायच्या, असे यंदा ठरले, आणि यादी करायला बसताच वाद सुरू झाला. निम्म्या मंडळींच्या मते बाराव्या बैठकीपर्यंत ब्रिटनच पुरेल, कारण बीटल्स, रोलिंग स्टोन्स, किंक्स, द हू, पिंक फ्लॉइड, लेड झेपेलिन, डेव्हिड बोवी आणि क्वीन यांना ऐकून झाल्यावर उरते काय? उरलेले लोक चक बेरी, रे चार्ल्स, बॉब डिलन, अरेथा फ्रँकलिन, स्टीव्ही वंडर, मायकल जॅक्सन आणि प्रिन्स ही नावे घेतात आणि हाच प्रश्न उलटा विचारतात.

माझा स्वतःचा कल ब्रिटनकडे आहे, हे आधीच सांगून टाकतो. १९६४ साली ब्रिटनची लोकसंख्या सुमारे ५ कोटी ४० लाख होती, तर अमेरिकेची सुमारे १९ कोटी. तरीही ४ एप्रिल १९६४ या तारखेच्या ‘बिलबोर्ड’च्या अमेरिकन यादीत पहिल्या पाचही क्रमांकांवर एकट्या बीटल्सची गाणी होती. त्याच्या दोन महिने आधी, ९ फेब्रुवारीला, एड सलिव्हन यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्यांना सुमारे ७ कोटी ३० लाख अमेरिकनांनी पाहिले होते. साडेतीनपट मोठ्या देशात जाऊन त्याच्याच बाजारपेठेत असा धुमाकूळ घालणे हे मला सरसपणाचे लक्षण वाटते. मात्र केवळ खपावरून संगीताची तुलना करावी, हे मनाला पटत नाही, आणि दुसरा कोणता निकष लावावा हेही सुचत नाही. जाणकारांनी मत द्यावे. केवळ आवडीनिवडी न सांगता कारणेही दिलीत, तर आमची यादी करायला मदत होईल.

---

खर्ज

आपण दिलेले दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण ते बीटल्सचे आकडे आहेत, ब्रिटनचे नाहीत. शिवाय बीटल्स स्वतः काय गात होते, तेही पाहायला हवे. मार्च १९६३ मध्ये आलेल्या त्यांच्या पहिल्या दीर्घ ध्वनिमुद्रिकेत चौदा गाणी आहेत. त्यांपैकी आठ त्यांची स्वतःची आहेत आणि उरलेली सहाच्या सहा अमेरिकेतून घेतलेली आहेत. त्या सहांमधली दोन एकट्या शिरेल्स या न्यू जर्सीच्या मुलींच्या गटाने आधी गायलेली होती. रोलिंग स्टोन्सचे तर नावच शिकागोचे ब्लूज गायक मडी वॉटर्स यांच्या १९५० सालच्या एका गाण्यावरून घेतलेले आहे, आणि त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेतली बहुतेक गाणी शिकागो, मेम्फिस आणि डेट्रॉइटकडून उसनी आणलेली आहेत. उसनवारी करू नये असे माझे म्हणणे नाही, संगीत असेच वाढते. पण ज्याच्याकडून उसने घेतले तो आणि ज्याने घेतले तो, यांत सरस कोण असा प्रश्न कोणी विचारलाच, तर मला उत्तर द्यायला वेळ लागत नाही.

प्रकारांची नुसती नावे घेऊन पाहा. ब्लूज, गॉस्पेल, कंट्री, ऱ्हिदम अँड ब्लूज, रॉक अँड रोल, सोल, फंक, डिस्को, हिप-हॉप, हाउस आणि टेक्नो हे सगळे अमेरिकेत जन्मले. ब्रिटनच्या बाजूला प्रोग्रेसिव्ह रॉक, हेवी मेटल, जंगल (वेगवान नृत्यसंगीत), ग्राइम (लंडनचे रॅप) अशी नावे घेता येतील, पण त्यातल्या प्रत्येकाची मुळे खणत गेलो, तर दोन हातांवर अमेरिका किंवा कॅरिबियन बेटे लागतात. पंकचेही तेच आहे. रॅमोन्स या न्यूयॉर्कच्या चौकडीची पहिली ध्वनिमुद्रिका एप्रिल १९७६ मध्ये आली आणि ४ जुलै १९७६ रोजी ते लंडनच्या राउंडहाउसमध्ये वाजवून गेले, तेव्हा ब्रिटिश पंकची एकही तबकडी बाजारात आलेली नव्हती.

मला स्वतःला मात्र सर्वांत जास्त जवळची वाटते ती मोटाउन. कुटुंबाच्या सामाईक बचतीतून ८०० डॉलर कर्जाऊ घेऊन बेरी गॉर्डी यांनी १९५९ साली डेट्रॉइटमध्ये ही कंपनी काढली. एका राहत्या घरातच त्यांचा स्टुडिओ होता, आणि तिथे रोज तेच ते वादक येऊन बसत. त्यातले बहुतेक मूळचे जॅझ वाजवणारे होते, रात्री क्लबात वाजवून सकाळी तळघरासारख्या त्या खोलीत येत आणि तासाभरात एखाद्या साध्या चालीचे सोने करून जात. त्यांतले जेम्स जेमर्सन बेस गिटार वाजवत. बेस गिटारने नुसता ठेका धरून न ठेवता गाण्याच्या चालीशी बोलावे, तिला उत्तर द्यावे, ही रीत लोकप्रिय संगीतात रुळवण्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे, आणि पॉल मॅकार्टनी यांनी त्यांचे ऋण जाहीरपणे मान्य केलेले आहे. मोटाउनच्या एका प्रमुख ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर या वादकांची नावे पहिल्यांदा छापली गेली ती १९७१ साली, गायक मार्विन गे यांच्या ध्वनिमुद्रिकेवर. तोपर्यंत साऱ्या जगाने त्यांना ऐकले होते आणि त्यांची नावे कोणालाच ठाऊक नव्हती. आपल्या बाराही बैठका याच खोलीला दिल्यात, तरी चालेल.

---

दुसरी बाजू

खर्ज यांनी दिलेला तपशील मला पूर्ण मान्य आहे, निष्कर्ष मात्र मान्य नाही. कच्चा माल अमेरिकेचा होता, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. माझा प्रश्न वेगळा आहे: शिकागोत मडी वॉटर्स आणि हाउलिन वुल्फ हे ब्लूज गायक दर आठवड्याला वाजवत असताना, त्याच शहरातल्या गोऱ्या मुलांपेक्षा लंडनच्या उपनगरातल्या मुलांना ते अधिक पाठ कसे होते? पिकते तिथे विकत नाही, ही म्हण इथे अगदी तंतोतंत लागू पडते, आणि ते का विकत नव्हते, यातच ब्रिटनच्या वाट्याचे श्रेय दडलेले आहे, असे मला वाटते.

अमेरिकेत संगीताची बाजारपेठ वर्णावरून विभागलेली होती. कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठीच्या तबकड्यांची यादी ‘बिलबोर्ड’ नियतकालिक १९४९ सालापर्यंत ‘रेस रेकॉर्ड्स’ या नावाने छापत असे. त्या वर्षी ते नाव बदलून ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ करण्यात आले. नाव सभ्य झाले, तरी यादी वेगळी ती वेगळीच राहिली. रेडिओ केंद्रेही अशीच वाटलेली होती, एक कंट्रीचे, एक गोऱ्यांच्या पॉपचे, एक कृष्णवर्णीयांचे, आणि आपापल्या केंद्रावरची सुई न हलवता माणूस आयुष्य काढू शकत असे. ब्रिटनमध्ये वर्णभेद नव्हता असे मी अजिबात म्हणणार नाही. पण संगीत कानावर येण्याची व्यवस्था निराळी होती. तिथे सगळ्या देशाला मिळून एक बीबीसी होती. १ जानेवारी १९६४ रोजी ‘टॉप ऑफ द पॉप्स’ हा साप्ताहिक कार्यक्रम सुरू झाला, आणि त्यात प्रवेशाची अट एकच होती, गाणे खपाच्या यादीत असले पाहिजे. त्यामुळे एखादे भावगीतासारखे हळवे गाणे, त्यामागोमाग सोल, त्यामागोमाग गिटारचा कल्लोळ आणि मध्येच एखादे विनोदी गाणे, असा सगळा ऐवज एका घरातली तीन पिढ्यांची माणसे एकाच अर्ध्या तासात ऐकत असत. या सरमिसळीत वाढलेला मुलगा पुढे बोवी होतो, यात मला नवल वाटत नाही.

आणि तरीही या मुलांना हवे ते संगीत पुरेसे मिळत नव्हते, हा दुसरा मुद्दा मला पहिल्याहून महत्त्वाचा वाटतो. १९३५ पासून पुढची जवळजवळ वीस वर्षे अमेरिकन वाद्यवृंदांना ब्रिटनमध्ये वाजवण्याची परवानगी सहसा मिळत नसे, कारण तिथल्या वादकांच्या संघटनेला आपल्या सभासदांच्या रोजीरोटीची काळजी होती. बीबीसीवर तबकड्या किती तास वाजवायच्या, यावर करारानुसार मर्यादा होती, म्हणून वादकांना स्टुडिओत बोलावून ती गाणी प्रत्यक्ष वाजवून घेतली जात. मार्च १९६२ ते जून १९६५ या काळात बीटल्सनी बीबीसीसाठी अशी ८८ वेगवेगळी गाणी वाजवली, त्यांतली कित्येक त्यांनी तबकडीवर कधीच आणली नाहीत. ही सक्तीची तालीमच होती. वाद्यांचीही तीच गत. १९५१ ते १९५९ या काळात अमेरिकन वाद्यांच्या आयातीवर निर्बंध असल्याने फेंडर कंपनीची गिटार ही चित्रात पाहण्याची वस्तू होती. क्लिफ रिचर्ड यांनी १९५९ साली आपले गिटारवादक हँक मार्विन यांच्यासाठी स्ट्रॅटोकास्टर थेट अमेरिकेतून मागवली, ती देशात आलेल्या अगदी पहिल्या काहींपैकी एक मानली जाते.

या टंचाईतून काय निपजले, त्याचे माझे आवडते उदाहरण गाण्याचे नाही, अ‍ॅम्प्लिफायरचे आहे. पश्चिम लंडनमधल्या हॅनवेल भागात जिम मार्शल नावाचे ढोलवादक वाद्यांचे दुकान चालवत. अमेरिकन अ‍ॅम्प्लिफायर महाग पडत, म्हणून १९६२ साली त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी फेंडरच्या ‘बासमन’ या नमुन्याचे सर्किट जवळपास जसेच्या तसे उतरवले, पण सुटे भाग मात्र ब्रिटनमध्ये जे मिळतील ते वापरले. तिथेच मेख होती. भाग बदलले, लाउडस्पीकर बदलले, आणि आवाज वाढवताच तो स्वच्छ न राहता लवकर फाटू लागला. हुबेहूब नक्कल करायला बसलेल्या माणसाच्या दृष्टीने हा दोषच म्हणायला हवा. १९६६ साली एरिक क्लॅप्टन यांनी जॉन मेयॉल यांच्या ब्लूजब्रेकर्सबरोबर ध्वनिमुद्रण करताना गिब्सनची गिटार मार्शलला जोडली आणि आवाज मुद्दाम वर चढवला; त्या दिवसापासून हा फाटका, लांबत जाणारा स्वर साऱ्या रॉक संगीताचा स्वर झाला. सर्किट अमेरिकन, गिटार अमेरिकन, चाली अमेरिकन, आणि तरीही तो आवाज अमेरिकेत निघालेला नव्हता.

आर्ट स्कूल ही आणखी एक गोष्ट अमेरिकेत तशी नव्हती. जॉन लेनन, कीथ रिचर्ड्स, पीट टाउनशेंड, रे डेव्हिस, ब्रायन फेरी, ब्रायन ईनो आणि फ्रेडी मर्क्युरी ही सगळी मंडळी चित्रकलेच्या किंवा अभिकल्पाच्या शिक्षणसंस्थांतून आलेली आहेत. शाळेत फारसा उजेड न पाडलेल्या मुलाला सरकारी खर्चाने दोन-तीन वर्षे विचार करायला आणि वाद्य बडवायला जागा मिळे. वेष, वेष्टन, रंगमंच आणि गाणे यांचा एकत्रित विचार करण्याची ब्रिटिश सवय इथून आली. (मर्क्युरी यांचे शालेय शिक्षण पाचगणीत झाले, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेलच, त्याचे श्रेय या दोन देशांपैकी कोणाला द्यायचे, ते मी समेवर यांच्यावर सोपवतो.)

शेवटी जिमी हेंड्रिक्स. सिअ‍ॅटलमध्ये जन्मलेला हा माणूस अमेरिकेत लिटल रिचर्ड आणि आयस्ली ब्रदर्स यांच्यामागे उभा राहून वाजवत होता. न्यूयॉर्कमध्ये त्याला अ‍ॅनिमल्स या इंग्रज बँडचे चॅस चँडलर यांनी ऐकले, सप्टेंबर १९६६ मध्ये लंडनला आणले, दोन इंग्रज साथीदार जोडून दिले, आणि जून १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरे महोत्सवात अमेरिकेने त्याला जणू नव्याने पाहिले. त्याचे मागे उभे राहण्याचे दिवस आणि त्याचा महोत्सव यांच्यात अवघ्या नऊ महिन्यांचे लंडन आहे.

---

कानसेन

वरील दोन्ही प्रतिसादांत एक गोष्ट राहून गेली, ती म्हणजे उच्चार. ब्रिटिश गायक गाताना अमेरिकन उच्चार का करतात, यावर पीटर ट्रडगिल या भाषाशास्त्रज्ञांनी १९८३ साली एक लेख प्रसिद्ध केला. दक्षिण इंग्लंडमधील बोलीत आणि लिव्हरपूलच्या बोलीतही शब्दाच्या शेवटचा ‘र’ उच्चारला जात नाही, अमेरिकेत मात्र सामान्यपणे उच्चारला जातो. बीटल्सच्या ध्वनिमुद्रिका क्रमाने घेऊन त्यांनी हे ‘र’ मोजले आणि १९६३ पासून पुढे ते प्रमाण सातत्याने घटत गेल्याचे त्यांना आढळले.

मला हा पुरावा खपाच्या यादीहून बोलका वाटतो. सुरुवातीला ही मुले अमेरिकन होण्याचा प्रयत्न करत होती. अमेरिकेने त्यांना डोक्यावर घेतल्यानंतर तो प्रयत्न त्यांना करावासा वाटेना, आणि मग लिव्हरपूलचा रस्ता, तिथला न्हावी, तिथला पाऊस गाण्यात आला. समेवर यांनी निकष विचारला आहे म्हणून सुचवतो: ब्रिटिश संगीत स्वतःच्या उच्चारात गाऊ लागते, त्या क्षणापासून त्याची तुलना अमेरिकेशी करावी, त्याआधीचे सगळे शिकाऊ उमेदवारीत जमा करावे. त्या हिशेबाने किंक्सचे रे डेव्हिस फार वर जातात आणि स्टोन्सचे मिक जॅगर बरेच खाली येतात, याची मला जाणीव आहे.

---

खर्ज

दुसरी बाजू यांचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. मार्शलचे उदाहरण मी विसरणार नाही. परंतु ‘पिकते तिथे विकत नाही’ हे म्हणताना, जे परदेशी विकले गेले त्याचे पैसे पिकवणाऱ्याला मिळाले का, हाही प्रश्न विचारायला हवा, नाहीतर हे सगळे आयत्या बिळावरच्या नागोबाचे कौतुक ठरेल. विली डिक्सन यांनी शिकागोतील चेस या ध्वनिमुद्रिका कंपनीसाठी कितीतरी गाणी लिहिली. लेड झेपेलिनच्या १९६९ सालच्या दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेतील पहिल्याच गाण्यात आपले शब्द आहेत, यासाठी त्यांना १९८५ साली दावा लावावा लागला, आणि तो १९८७ साली तडजोडीने मिटला. त्यानंतर त्या गाण्याच्या श्रेयात त्यांचे नाव आले. अठरा वर्षे म्हणजे गीतकाराच्या आयुष्यात थोडा काळ नव्हे.

न्यायाने हेही लिहितो की, सगळे ब्रिटिश असे वागले नाहीत. रोलिंग स्टोन्सनी विली डिक्सन यांचेच एक संथ ब्लूज गीत डिसेंबर १९६४ मध्ये ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर नेले, आणि १९६५ च्या मे महिन्यात अमेरिकन दूरचित्रवाणीवर बोलावणे आले, तेव्हा हाउलिन वुल्फ यांनाही कार्यक्रमात घ्या, असा आग्रह धरला. आपल्याच देशाच्या पडद्यावर येण्यासाठी वुल्फ यांना विशीतल्या इंग्रज पोरांची शिफारस लागावी, यात लाज कोणाला वाटायला हवी, हे मी सांगायला नको. मँचेस्टरमधील एका बंद पडलेल्या रेल्वे स्थानकावर मे १९६४ मध्ये ग्रॅनडा दूरचित्रवाणीने मडी वॉटर्स आणि गॉस्पेल गायिका सिस्टर रोझेटा थार्प यांचा कार्यक्रम चित्रित केला. एका फलाटावर श्रोते, समोरच्या फलाटावर कलावंत, आणि ऐन वेळी पाऊस. त्या ओल्या फलाटावर लांब कोट घातलेली थार्प इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवून उभी राहते, ते चित्रण मिळाल्यास आपल्या मंडळींना अवश्य दाखवावे.

तरीही माझे मत बदललेले नाही. चांगला श्रोता असणे ही मोठी गोष्ट आहे, पण ती गाणाऱ्याहून मोठी नाही.

---

उत्तररंग

इथली चर्चा १९६० च्या दशकातच अडकून पडली आहे, असे दिसते. पुढचा काळ घेतला, तर दुसरी बाजू यांचा मुद्दा अधिक पक्का होतो आणि खर्ज यांचाही. १९७० च्या दशकात उत्तर इंग्लंडमधील विगन, ब्लॅकपूल, स्टोक अशा गावांतल्या नृत्यगृहांत, अमेरिकेत सपशेल पडलेल्या सोलच्या तबकड्या शोधून शोधून वाजवल्या जात. जी तबकडी जितकी कमी खपलेली, तिला तितका मान! विगन कसिनोमधील या रात्री १९७३ ते १९८१ या काळात चालल्या. म्हणजे डेट्रॉइटच्या बाजारात टाकून दिलेल्या संगीतावर कारखान्यांच्या गावांतील मुले शनिवारी रात्रभर जागून नाचत होती, आणि ज्या गायकांना आपण कधीच विस्मृतीत गेलो असे वाटत होते, त्यांना अटलांटिकपलीकडून बोलावणी येत होती.

दहा वर्षांनी हेच पुन्हा घडले. शिकागोमधील ‘वेअरहाउस’ या क्लबमध्ये फ्रँकी नकल्स जे वाजवत, त्यावरून हाउस हे नाव पडले. हे संगीत कृष्णवर्णीय आणि समलिंगी तरुणांच्या त्या वर्तुळाबाहेर अमेरिकेत फारसे कोणाला माहीत नसताना, स्टीव्ह ‘सिल्क’ हर्ली यांचे गाणे जानेवारी १९८७ मध्ये ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचले. डेट्रॉइटच्या वान अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केविन सॉन्डरसन या तिघांच्या संगीताला टेक्नो हे नाव जगभर चिकटले, ते १९८८ साली ब्रिटनमध्ये निघालेल्या एका संकलनामुळे.

मात्र खर्ज ज्याला अमेरिकन म्हणतात, तेही तपासून घ्यायला हवे. हिप-हॉपचा आरंभ ११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्राँक्समधील १५२०, सेजविक अ‍ॅव्हेन्यू या इमारतीत झालेल्या एका घरगुती नृत्यसमारंभापासून मोजण्याची प्रथा आहे, आणि तिथे तबकड्या वाजवणारा कूल हर्क हा तरुण वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत जमैकात वाढलेला होता. प्रचंड लाउडस्पीकर लावून रस्त्यावर नृत्य भरवण्याची किंग्स्टनची पद्धत त्याच्या परिचयाची होती. तीच पद्धत १९४८ नंतर ब्रिटनमध्ये आलेल्या कॅरिबियन कुटुंबांनी लंडन, बर्मिंगहॅम, ब्रिस्टलमध्ये नेली. तिच्यातून कॉव्हेंट्रीत १९७९ साली कृष्णवर्णीय आणि गोऱ्या वादकांचा एकत्रित स्पेशल्स हा बँड पुढे आला, आणि खूप नंतर जंगल व ग्राइम. एकाच बेटावरून निघालेल्या दोन वाटांपैकी एक न्यूयॉर्कला गेली आणि एक लंडनला. त्यातल्या कोणत्या वाटेवरचे संगीत सरस, हा प्रश्न मला अवघड वाटतो. रॅपपुरते मात्र न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसच्या पहिल्या वीस वर्षांसमोर ब्रिटन टिकत नाही, आणि कंट्री संगीतात तर त्यांनी भाग घेतलेलाच नाही म्हणा ना.

कंट्रीवरून आठवले. १९१६ ते १९१८ या काळात सेसिल शार्प हे इंग्रज संग्राहक अ‍ॅपलेशियन डोंगररांगांत हिंडले, तेव्हा इंग्लंडमध्ये विसरली जाऊ लागलेली जुनी कथागीते त्यांना तिथल्या घराघरांत गायली जाताना सापडली. म्हणजे सर्वांत जुनी उसनवारी उलट दिशेची आहे, आणि तीही पिकली त्या गावी टिकली नव्हती.

यादीच्या दृष्टीने एक धोक्याची सूचना: आपल्याला जे ‘ब्रिटिश’ म्हणून ठाऊक आहे, ते बहुधा अमेरिकेत गाजलेले ब्रिटिश असते. स्लेड या बँडची सहा गाणी १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली, जॅम या बँडची चार १९८० ते १९८२ या काळात गेली, आणि अमेरिकेत दोघांनाही जवळपास कोणी विचारले नाही. त्यांना वगळून ब्रिटनचे मोजमाप केले, तर ते अमेरिकन कानांनी केलेले मोजमाप ठरेल.

---

समेवर (मूळ प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. माझा मूळ प्रश्न मांडणीतच चुकला होता, हे आता लक्षात येते आहे. ब्रिटन आणि अमेरिका अशी दोन कपाटे करून त्यांत तबकड्या लावायला मी काल बसलो आणि पहिल्या अर्ध्या तासातच अडकलो. फ्लीटवुड मॅक कुठे ठेवायचे? १९६७ साली लंडनमध्ये ब्लूज वाजवणारा बँड म्हणून ते सुरू झाले, पण त्यांची सर्वाधिक गाजलेली १९७७ सालची ध्वनिमुद्रिका कॅलिफोर्नियात झाली आणि तिच्यातल्या पाचांपैकी दोघे अमेरिकन आहेत. एमी वाइनहाउस या लंडनच्या, परंतु त्यांच्या २००६ सालच्या ध्वनिमुद्रिकेत अनेक गाण्यांना साथ आहे ब्रुकलिनच्या डॅप-किंग्ज या वाद्यवृंदाची, आणि सगळा थाट १९६० च्या दशकातल्या मुलींच्या अमेरिकन गटांचा. हेंड्रिक्सची तबकडी तर अजून टेबलावरच पडून आहे.

म्हणून बारा बैठका देशवार न करता जोड्यांनी करायचे ठरवले आहे. पहिल्या बैठकीत अमेरिकन लोकगायक लेड बेली यांनी गायलेले ‘रॉक आयलंड लाइन’ आणि लॉनी डोनेगन यांनी १९५४ साली लंडनमध्ये ध्वनिमुद्रित केलेले तेच गाणे. लेड बेली यांनी ते आर्कान्सातील तुरुंगातल्या कैद्यांकडून ऐकून उचलले होते. डोनेगनच्या तबकडीने ब्रिटनमध्ये शाळकरी मुलांना स्वस्तातली गिटार, धुण्याची पत्र्याची फळी आणि चहाच्या खोक्याचा बेस घेऊन स्किफल वाजवायचे वेड लावले, आणि त्याच वेडातून उभ्या राहिलेल्या एका मुलांच्या टोळीचा कार्यक्रम ६ जुलै १९५७ रोजी लिव्हरपूलच्या वूल्टन चर्चच्या जत्रेत झाला, जिथे मॅकार्टनी पहिल्यांदा लेननला भेटले. दुसऱ्या बैठकीत शिरेल्स आणि बीटल्स. तिसरीत हाउलिन वुल्फ आणि स्टोन्स. चौथी मोटाउनला पूर्ण दिली आहे, तिथे जोडी नाही; खर्ज यांनी एवढे लिहिल्यावर ती तशीच ठेवण्याचा मोह आवरला नाही.

कल अजूनही ब्रिटनकडेच आहे. फक्त आता तो का आहे, असे कोणी विचारले, तर मी एड सलिव्हनचा आकडा सांगणार नाही, मार्शलच्या दुकानाची गोष्ट सांगेन.

---

दुसरी बाजू

जोड्यांची कल्पना उत्तम आहे, परंतु आपल्या पहिल्या तिन्ही जोड्यांत अमेरिका आधी आणि ब्रिटन नंतर, असाच क्रम आहे. माझी बाजू लढवत असूनही मला तो एकसुरी वाटतो. पाचवी बैठक अशी करून पाहावी: डिसेंबर १९६५ ची बीटल्सची ‘रबर सोल’, मग ती ऐकून इरेस पेटलेल्या ब्रायन विल्सन यांनी बीच बॉइजकडून करवून घेतलेली मे १९६६ ची ‘पेट साउंड्स’, आणि मग तिला उत्तर म्हणून जून १९६७ मध्ये आलेली बीटल्सची ‘सार्जंट पेपर’. तिन्ही एका बैठकीत पूर्ण ऐकायच्या, तर साधारण दोन तास लागतील, म्हणजे चहाला वेळ उरतो. मधली कॅलिफोर्नियाची ध्वनिमुद्रिका अमेरिकेत दहाव्या क्रमांकावर अडकली आणि ब्रिटनमध्ये दुसऱ्यापर्यंत गेली, हे मंडळींना ऐकून झाल्यावर सांगावे, आधी नको.

---

खर्ज

पाचव्या बैठकीला माझा पाठिंबा आहे. मधल्या ध्वनिमुद्रिकेत बेस गिटार वाजवणाऱ्यांत कॅरोल के या लॉस एंजेलिसच्या वादक होत्या, आणि त्यांचेही नाव तेव्हा वेष्टनावर छापलेले नव्हते. ते आपण कागदावर लिहून त्या दिवशी तबकडीशेजारी ठेवावे, एवढी विनंती.